इतवारी पलटन

माझे वडील बाबाराव आठवडाभर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असायचे आणि रविवारी वायुसैनिक. हे माझ्या जन्माच्या आधीचं. मला कळायला लागलं तेव्हा फक्त कारकून उरला होता. पण घरात त्या रविवारांच्या गोष्टी इतक्या निघायच्या की मला कित्येकदा वाटायचं, आपणही तिथं होतो.

साठ साल उजाडता उजाडता हौशी लोकांची एक उडती तुकडी रायपूरच्या माना धावपट्टीवर उभी राहिली. कल्पना अशी की लोकांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळाव्या, रविवारी विमानाचं काम शिकावं, आणि लढाई लागली तर खऱ्या वायुसेनेच्या मदतीला जावं. जाहिरात पाहून कोण कोण आलं. तुकडीचे प्रमुख शामराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. कोणी बँकेतला, कोणी वीज कंपनीतला, सदर बाजारातल्या एका सोनाराचा मुलगाही होता. माझ्या वडिलांना चष्मा होता, म्हणून त्यांना उडायला घेतलं नाही, जमिनीवरच्या कामाला घेतलं. विमान ढकलत बाहेर काढायचं, पुसायचं, पेट्रोल भरायचं, वैमानिकाला आत बसवून त्याचे पट्टे आवळायचे.

विमानं तीन होती. पिवळी, एका इंजिनाची, मोठा आवाज करणारी हार्वर्ड. रविवारी सकाळी रेल्वे स्टेशनाजवळून एक ट्रक यांना भरून मान्याला न्यायचा. शनिवारी रात्रीच सगळ्यांच्या बायका खाकी कपड्यांना इस्त्री करून ठेवत. गावातले लोक डबे घेऊन विमानं पाहायला येत आणि यांना ‘इतवारी पलटन’ म्हणत. म्हणणाऱ्यांत थोडी थट्टा होती, पण वडिलांना त्या नावाचा राग नव्हता. ते स्वतःच म्हणायचे, आम्ही इतवारी पलटनवाले.

त्या पलटनीतला सगळ्यात चांगला वैमानिक नरहरी. मूळचे वर्ध्याकडचे लोक, पण त्याचे वडील कराचीच्या बंदरात नोकरीला होते आणि नरहरीचं लहानपण तिकडंच गेलं होतं. फाळणीत सगळं सोडून ते रायपूरला नातेवाइकांकडे आले. नरहरी इथं बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाला. तात्यापाऱ्यात आमच्या घरामागेच त्याचं घर. माझे वडील आणि तो ट्रकमध्ये शेजारी बसायचे, आणि त्याचे पट्टे नेहमी वडीलच आवळायचे. त्याची बायको विमलाकाकू माझ्या आईची मैत्रीण.

बासष्ट साली चीनची लढाई लागली तेव्हा सगळ्यांनी ट्रंका भरून दाराशी ठेवल्या. शामरावांनी कॉलेजातून रजा घेतली. रोज तार येईल म्हणून वाट पाहिली, आणि तार आली नाही. लढाई संपली. ट्रंका पुन्हा पलंगाखाली गेल्या. वडील सांगायचे की त्या दिवसानंतर रविवारच्या ट्रकमध्ये गप्पा कमी झाल्या.

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई लागली तेव्हा बोलावणं आलं, पण ते माणसांना नव्हतं. वायुसेनेचे दोन अधिकारी आले, तीनपैकी दोन विमानं चांगली पाहून घेऊन गेले. तिसऱ्याचं इंजिन उघडलेलं होतं. काही दिवसांनी निरोप आला की तेही दुरुस्त करून विशाखापट्टणमला पोचवा, तिथं शिकाऊ मुलांसाठी पाहिजे आहे. म्हणजे पलटनीला सगळ्या लढाईत एकच काम मिळालं: आपलं शेवटचं विमान दुसऱ्याला नेऊन द्यायचं. ते काम नरहरीनं मागून घेतलं. विमलाकाकूंना तेव्हा सहावा महिना होता.

निघायच्या सकाळी मान्यावर ऊन होतं. दक्षिणेकडे मात्र ढग दिसत होते. वडिलांनी पट्टे आवळले. नरहरी म्हणाला, जास्त आवळू नको, जेवण जास्त झालं आहे. एवढंच बोलणं. विमान उठलं, धावपट्टीवरून एक वळसा घेऊन अभनपुरकडे गेलं. विशाखापट्टणमला ते पोचलं नाही.

शोध घेतला गेला, पण लढाईच्या धामधुमीत किती घेणार. दोनेक दिवस एका विमानानं घिरट्या घातल्या आणि मग तेही दुसऱ्या कामाला गेलं. धमतरीपासून पुढं बस्तरपर्यंत सगळं जंगल. खाली सागाची नि सालाची झाडं आणि वरून ढग. नंतर चौकशीला एक अधिकारी आला. त्यानं शामरावांना विचारलं, वडिलांनाही विचारलं, की नरहरीचे कोणी नातेवाईक पलीकडे राहिलेत का. कराचीचं नाव निघालं. एका मावशीचं नाव निघालं, जी तिकडंच राहिली होती. चौकशीतून काहीच निष्पन्न झालं नाही, पण तो प्रश्न गावात पसरला. सरकारी विमान घेऊन पळाला, असं लोक म्हणू लागले. रायपूरहून एवढंसं विमान कराचीला कसं पोचेल याचा विचार कोणी केला नाही.

डिसेंबरात निरंजन जन्मला. पुढच्या वर्षी तुकडीच मोडली. खाकी कपडे परत मागवले, हँगरला कुलूप लागलं. वडील एकदा सदर बाजारात घड्याळ दुरुस्तीला गेले असताना दुकानदार नरहरीबद्दल काही बोलला. वडिलांनी त्याची कॉलर धरली. माझे वडील कधी कोणाशी भांडले असतील तर तेवढंच. पुढची सगळी वर्षं, जिथं विषय निघेल तिथं, ते ठाम सांगायचे की नरहरी पळणारा माणूस नव्हता.

विमलाकाकूंनी शाळेत नोकरी धरली. कुंकू पुसलं नाही. सात वर्षांनी सरकारदरबारी नरहरीला मृत धरलं गेलं तेव्हा सासरचे लोक वर्ध्याहून आले. पालाशविधी करून घेऊ म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, देह सापडत नाही तेव्हा तसं करतात. काकू म्हणाल्या, ज्यानं पाहिलं असेल त्यानं मला येऊन सांगावं, मग करू. कोणी पाहिलेलं नव्हतं. काही बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. माझी आई पद्मिनी दर संक्रांतीला पहिलं कुंकू त्यांनाच लावायची.

निरंजनला शाळेत पोट्टे ‘भगोडे का बेटा’ म्हणायचे. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, त्याच शाळेत. तो मारामारी करायचा नाही, नुसता घरी निघून यायचा. मोठा झाल्यावर सरकारी नोकरीत लागला. नवीन राज्य झालं आणि जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय आलं तेव्हा त्याची बदली तिथं झाली. तो मराठी समजायचा पण हिंदीतच बोलायचा, आईशीसुद्धा.

राज्य होऊन तीन वर्षं होत आली होती. सगळीकडे रस्त्यांची मोजणी चालू होती. पोळ्यानंतर नगरी-सिहावाच्या पुढच्या जंगलात रस्त्याची आखणी करणाऱ्या लोकांना जमिनीत रुतलेलं एक इंजिन सापडलं. आजूबाजूला चेपलेल्या पत्र्याचे तुकडे. गावातल्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. हिंदी पेपरात पहिल्या पानावर आलं की पासष्ट साली गायब झालेलं रायपूरचं विमान मिळालं. सोबत नरहरीचा फोटो. कोणी तरी निरंजनकडून मागून नेला होता.

वडील तेव्हा मलेरियानं दवाखान्यात होते. शामराव केव्हाच वारले होते. पलटनीतला रायपुरात उरलेला माणूस म्हणजे माझे वडीलच. मी त्यांना पेपर वाचून दाखवला. ताप अंगात असताना ते उठून बसले आणि रडले. मला म्हणाले, जाऊन वहिनीले सांग, भेटला म्हणून.

मीच जाऊन सांगितलं. काकूंना आधीच कळलं होतं. त्या खाटेवर बसल्या होत्या, निरंजन त्यांच्या पायाशी जमिनीवर. तो सारखा पेपरातलं एकच वाक्य वाचून दाखवत होता, की वैमानिक कर्तव्यावर असताना मारला गेला असावा. एका अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की राज्याच्या स्थापनादिनी राज्योत्सवात काकूंना स्टेजवर बोलावून सत्कार करू. त्या वेळी निघणाऱ्या पुस्तिकेत इतवारी पलटनीचा इतिहासही छापू. निरंजनचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

सर्वपित्री अमावस्या जवळ होती. गुरुजी म्हणाले, आता थांबू नका. खारूनच्या काठी महादेव घाटावर पालाशविधी झाला. काकूंनी गळ्यातलं काढलं, कुंकू पुसलं. आई त्यांना धरून बसली होती. अडतीस वर्षं नवरा हरवलेली बाई त्या सकाळी विधवा झाली, आणि आई घरी येऊन म्हणाली की विमला रडली तेव्हा तिचं अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. त्या रात्री काकू पोटभर जेवल्या, असंही आईनं सांगितलं.

दसऱ्यानंतर वडील हिंडूफिरू लागले. नगरीच्या नायब तहसीलदारांना त्या काळचा कोणी माणूस हवा होता, जो येऊन पाहील आणि हे तेच विमान म्हणून सांगेल. निरंजननं जीप केली. वडिलांची तब्येत पाहून मी सोबत गेले. निरंजननं नारळ, कुंकू, अगरबत्ती, झेंडूचा मोठा हार घेतला होता. सबंध वाटेनं वडील पलटनीच्या गोष्टी सांगत होते. शामरावांनी पहिल्यांदा विमान उतरवताना शेतातली बैलगाडी कशी चुकवली, सोनाराच्या मुलाला वर गेलं की कशी उलटी व्हायची. निरंजन खूप हसत होता. नरहरीच्या गोष्टी तो पुन्हा पुन्हा सांगायला लावत होता. बाप कसा चालायचा, सिगारेट ओढायचा का, गाणं म्हणायचा का. वडील सगळ्याचं उत्तर देत होते.

नगरीहून पुढं कच्चा रस्ता आणि मग पायवाट. नायब तहसीलदार आणि गावातले दोघे-तिघे पुढं. सालाच्या झाडांखाली उतारावर ते इंजिन होतं. अर्धं जमिनीत, मुळांनी आवळलेलं. निरंजननं चपला काढल्या. हार घातला, नारळ फोडला, आणि त्या गंजलेल्या लोखंडावर कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडला. आम्ही बाजूला उभे राहिलो. वडील त्याच्या मागं उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले. त्यांनी नीट पाहिलंही नव्हतं. त्यांना पाहायचं नव्हतंच, ते भेटायला आले होते.

तेवढ्यात गावातला एक म्हातारा सहज बोलला, “एक ठन अऊ हवय, ओ नरवा म.” अजून एक आहे, खालच्या नाल्यात.

वडिलांनी मान वर केली. त्याला म्हणाले, दाखव.

नाला पंचवीस-तीस पावलांवर होता. काठीनं पालापाचोळा बाजूला केला तेव्हा दुसरं इंजिन दिसलं. अगदी तसंच, तेवढंच मोठं. त्याला पंखाचा एक मोठा तुकडा अजून चिकटलेला होता आणि तो तुकडा वरच्या इंजिनाच्या दिशेनंच पडला होता. मला विमानातलं काही कळत नाही. पण एवढं मलाही कळलं की एकाच विमानाची ही दोन इंजिनं आहेत.

निरंजन नाल्याच्या काठावर उभा होता. हाताला अजून कुंकू लागलेलं. त्यानं विचारलं, “काका, दो इंजनवाला भी तो रहा होगा ना कोई?”

“आपल्याजवळ दोन इंजिनाचं कधीच नव्हतं,” वडील म्हणाले. “नरहरी एका इंजिनाच्या विमानात बसला होता. मीच बसवलं.”

मग ते हळूहळू म्हणाले की हे इंग्रजांच्या वेळचं असेल. दुसऱ्या महायुद्धात मान्यावर त्यांची मोठी विमानं उतरायची, त्यातलं एखादं इथं पडलं असेल. गावातल्या म्हाताऱ्यानंही मान हलवली. त्याच्या बापाच्या तरुणपणी आकाशातून आग पडली होती, असं त्यानं सांगितलं. हे त्याला आधी कोणी विचारलं नव्हतं.

नायब तहसीलदार भला माणूस होता. तो म्हणाला, साहेब, एक असो की दोन, मला काही कळत नाही, तुम्ही जे सांगाल ते मी वर कळवतो. आणि तो मुद्दाम दूर जाऊन उभा राहिला.

निरंजन वडिलांजवळ आला. आवाज खाली ठेवून बोलला, पण मी ऐकलं. “काका, यहाँ कौन जानता है. आप बोल दो कि यही है. बस, एक बार बोल दो.”

वडील म्हणाले, “हे जे इथं मेले, तेही कोनाचे तरी होते रे.”

“उनके घर में अब कोई नहीं बचा होगा,” निरंजन म्हणाला. “मेरी माँ अभी बैठी है.”

वडील बराच वेळ त्या इंजिनाकडे पाहत राहिले. मी त्यांचा दंड धरला. मला वाटलं ते हो म्हणतील. मला तसं व्हावं असंही वाटत होतं, हे मी लपवत नाही. मग ते नायब तहसीलदारांकडे गेले आणि म्हणाले, “ये हमारा नहीं है.”

परतताना अभनपुरला चहाला थांबलो तेव्हा निरंजन जीपमधून उतरला नाही. रायपूर जवळ आल्यावर तो मराठीत एक वाक्य बोलला, मी त्याच्या तोंडून ऐकलेलं पहिलं लांब मराठी वाक्य. तो म्हणाला, “आईले तुम्हीच सांगा, मले नाही जमणार.”

संध्याकाळ होत होती. काकू अंगणात तुळशीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. रिकामं कपाळ पाहायची अजून डोळ्यांना सवय झाली नव्हती. त्यांनी आधी वडिलांच्या तब्येतीचं विचारलं, मग मला पाणी आणायला सांगितलं. वडील समोरच्या पायरीवर बसले. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पहिलं इंजिन, दुसरं इंजिन, पंखाचा तुकडा. मध्ये कुठं थांबले नाहीत. थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं, असं मला नंतर म्हणाले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग तो कोनाचा नवरा होता, भाऊजी?”

वडील म्हणाले, माहीत नाही.

“मी कोनासाठी काढलं मंग गळ्यातलं?”

निरंजन दाराच्या आत उभा होता, बाहेर आला नाही. काकू म्हणाल्या, “आता पुन्हा बांधू का नको, ते तरी सांगा. तुम्ही त्याच्यासंगचे आहा.” त्या रागावून बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच विचारायचं होतं. वडिलांनी मान खाली घातली, आणि मी पाण्याचा पेला तिथंच पायरीवर ठेवला.

घरी आल्यावर मी वडिलांना बोलले. म्हटलं, तुम्ही हो म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? ती बाई आयुष्यात पहिल्यांदा पोटभर जेवली होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, “हो म्हटलं असतं तर नरहरी तिथंच राहिला असता, जिथं तो नाही. मंग त्याले कोनीच शोधलं नसतं.” मी म्हटलं, आताही कोण शोधणार आहे? त्यावर ते उठून आत गेले. मला वाटतं, मी ते विचारायला नको होतं.

पेपरात पुन्हा बातमी आली, यावेळी आतल्या पानावर, चार ओळींची. मिळालेलं विमान इंग्रजांच्या काळातलं निघालं. राज्योत्सवाचा सत्कार कोणी रद्द केला नाही, फक्त त्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. पुस्तिकेतही पलटनीचं काही आलं नाही. पण खरा त्रास वेगळाच झाला. अडतीस वर्षांत लोक कराचीची गोष्ट जवळजवळ विसरले होते. ज्यांनी ती पसरवली ते बहुतेक मेलेही होते. आता फोटो पेपरात येऊन गेला होता, सगळ्यांना नाव कळलं होतं, आणि विमान तर त्याचं नव्हतं. मग तो गेला कुठं, असं नवीन लोक विचारू लागले. निरंजनची मुलगी पिंकी सातवीत होती. एक दिवस शाळेतून येऊन तिनं आजीला विचारलं, दादाजी पाकिस्तान गए थे क्या? हे काकूंनीच माझ्या आईला सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, असं आई म्हणाली.

वडिलांनी धावपळ केली. वायुसेनेच्या कचेऱ्यांना विचारणा केली की पासष्टच्या त्या उड्डाणाचा मार्ग कोणता ठरला होता, जंगलात अजून कुठं पत्रे सापडलेत का. नगरीला ते दोनदा बसनं एकटे जाऊन आले. गावोगाव विचारत फिरले. एका गावात लोकांनी पिवळा पत्रा दाखवला, तो टेम्पोचा निघाला. दुसऱ्या खेपेला त्यांना पुन्हा ताप आला आणि मी त्यांचं जाणं बंद केलं. निरंजननं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. रस्त्यात दिसला तर नमस्कार करायचा, पण थांबायचा नाही.

काकूंनी मंगळसूत्र पुन्हा बांधलं नाही आणि विधवेसारखंही राहिल्या नाहीत. हिरव्या बांगड्या होत्या त्या तशाच हातात होत्या, त्या दिवशी घाटावर फोडायच्या राहून गेल्या होत्या. संक्रांतीला आई वाण आणि कुंकवाची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली. काकू म्हणाल्या, “पद्मिनी, मले नको. आणि नको म्हनून कोनाले सांगूही नको.” आई वाटी झाकून परत आली. त्यानंतर काकू घराबाहेर पडल्याच नाहीत. खाणं कमी होत गेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वैशाखात, भर उन्हाळ्यात, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत.

बायका जमल्या. अंघोळ घातली. आणि मग सगळ्या थांबल्या. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून न्यायचं, का साधं पांढरं? नवरा आहे का नाही, हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. एकीनं हळूच म्हटलं की विधी झाला होता. दुसरी म्हणाली की विधी दुसऱ्याचाच झाला होता. आई कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती. कोणी तरी निरंजनला बोलावलं. तो दारात आला, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, जैसी हैं वैसी रहने दो. त्यांना रोजच्या लुगड्यात नेलं, रिकाम्या कपाळानं, हिरव्या बांगड्यांसकट.

घाटावर चिता पेटल्यावर लोक पाण्याकडे सरकले. ऊन खूप होतं. वडील एका दगडावर एकटे बसले होते. निरंजन त्यांच्याजवळ जाऊन बसला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. मी वडिलांना टोपी द्यायला गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

त्यानं विचारलं, “काका, सच बताना. वो भागनेवाले आदमी थे क्या?”

माझ्या वडिलांनी या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर दिलं होतं. सदर बाजारात, मालधक्क्यावर, लग्नांच्या पंगतीत. मी वाट पाहत होते की ते पुन्हा तेच सांगतील. ते चितेकडे पाहत होते.

“मान्यावरून उठला, अभनपुरकडे वळला, तेवढं मी पाहिलं,” ते म्हणाले. “ढगात गेल्यावर काय झालं, मले माहीत नाही, बेटा.”

निरंजननं मान हलवली. गुरुजींनी हाक मारली तेव्हा उठून गेला.

वर्षभरात त्यानं बदली मागून घेतली, कोरब्याला गेला. तात्यापाऱ्यातलं घर विकलं. पिंकीचं लग्न तिकडंच झालं, आम्हाला पत्रिका आली होती, आम्ही गेलो नाही. जंगलातला रस्ता पूर्ण झाला. ती दोन्ही इंजिनं ठेकेदाराच्या लोकांनी खणून काढली आणि भंगारात गेली, असं नगरीकडच्या एका शिक्षकानं मला सांगितलं. आतले कोण होते ते कधी कळलं नाही. विमानतळ मोठा करताना मान्याचं जुनं हँगरही पाडलं. वडिलांना मी ते पेपरात वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, पत्रे कुठं नेले? मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. पलटनीबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.